कासनीचा काढा

आमच्या घरात मूल जन्मलं की नाव मागाहून ठरायचं, मिजाज आधी. बाबा हकीम होते ना! माणूस असो की पाला, तो गरम की थंड, कोरडा की ओला हे ठरल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मी जन्मले ती किंचाळत, अंग तापलेलं, म्हणून मी झाले मिरी. माझ्यामागून भाऊ आला. गार, गुबगुबीत, रडायचाही कंटाळा. तो काकडी. आज तो नावाजलेला हकीम आहे, पेशंट त्याच्यापुढे आवाज खाली घेऊन बोलतात, पण जिना चढून वर आला की तो काकडीच. आणि मी पन्नाशी ओलांडली तरी मिरीच. तेव्हा सांगता सांगता मधेच माझा पारा चढला तर मनावर घेऊ नका.

वर आम्ही राहतो, खाली दोन खोल्या. पुढच्या खोलीत भाऊ बसतो, खिडकीशी, कारण जीभ आणि डोळे उजेडात बघावे लागतात. मागची खोली माझी. तिथे भिंतभर लाकडी खण, खणांत पानं, मुळं, बिया, साली. मधे अर्धा दरवाजा आहे. भावाने नाडी बघून चिठ्ठी लिहायची, पेशंटने ती अर्ध्या दरवाजावर ठेवायची, मी पुडी बांधून द्यायची. ही वाटणी बाबांनी केली. मलाही त्यांनी नाडी शिकायला बसवलं होतं, नाही असं नाही. पण समोरच्याने रडगाणं सुरू केलं की मी मनगट सोडून त्यालाच झापायची. शेवटी बाबा म्हणाले, "मिरे, तू पाल्याशी बोल. पाला उलटून बोलत नाही."

वाटणी अशी पक्की की मी कुणाच्या मनगटाला हात लावत नाही आणि भाऊ माझ्या खणांना. बाबांचा आणखी एक नियम होता, त्याहून पक्का. घरच्यांची नाडी घरच्याने बघायची नाही. आम्ही आजारी पडलो की पुलापलीकडचे काका यायचे. तेही हकीम, बाबांचे मित्र. ते आमचं मनगट धरून बसायचे आणि आमचे बाबा, गावभरचे लोक ज्यांच्या दारात ताटकळायचे ते बाबा, पेशंटच्या बापासारखे दाराशी उभे राहून नखं कुरतडायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आता आईचं सांगते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई वरच्या मागच्या खोलीत असते, म्हणजे बरोबर माझ्या खणांच्या डोक्यावर. मी खाली काही कुटायला घेतलं की वरून हाक, "ज्येष्ठमध ना? जरा बारीक कर, परवाचं जाडं होतं!" नाक असं तिखट. सकाळी उठल्या उठल्या दालचिनी घातलेला चहा, तो मिळाला नाही तर दिवसभर आमचा उद्धार. अशी ही बाई एकाएकी बसल्या जागी थकायला लागली. दोन घास खाऊन ताट सरकवायची. हाक मारायची बंद झाली. मी खाली मुद्दाम दाणदाण कुटायची, पण वरून शब्द नाही.

आधी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, प्रेमाने बोलल्या, हृदय थकलंय म्हणाल्या, घरी न्या, आराम द्या. मग पुलापलीकडचे काका आले. स्वतःच ऐंशीच्या घरातले, जिना चढताना दोनदा टेकले. आईचं मनगट धरून ते खूप वेळ बसले. मधेच तिला विचारलं, "वहिनी, काय खावंसं वाटतं?" ती म्हणाली, "खावंसं नाही, पण चहा आवडतो." दोघं हसले. खाली आल्यावर काकांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"रोग नाही रे काही. वय आहे," ते म्हणाले. "औषधांनी छळू नका तिला. जे आवडतं ते द्या आणि जवळ बसा."

माझ्या भावाने, आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नाही त्या माणसाने, काकांच्या तोंडावर सांगितलं, "काका, तुमच्या बोटांना आता नीट लागत नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका मात्र रागावले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग काठी घेतली आणि निघाले. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले, वाटेत भावाच्या वतीने माफी मागितली. काका म्हणाले, "त्याच्याकडे लक्ष ठेव." मला वाटलं, आईकडे म्हणायचं होतं, चुकून तसं म्हणाले.

परत येते तर काय? हा माझ्या खोलीत! अर्धा दरवाजा सताड उघडा आणि हकीमसाहेब खणांत हात घालून उभे.

"काय चाललंय?" मी ओरडलेच.

"आईची नाडी पाहिली मी आत्ता," तो म्हणाला. "भरलेली आहे, जोरात पळतेय. आत गरमी आहे, ताई. रक्तातली गरमी. काकांना कळलीच नाही. ही उतरवली की ती उठून बसेल."

"बाबांचा नियम..."

"बाबा असते तर त्यांनीही मोडला असता!"

त्याने काढून ठेवलं होतं ते पाहिलं. कासनीचं बी. निळ्या फुलांचं रोप असतं, बी राखट आणि कडूजहर, अंगातली आग विझवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. जोडीला काकडीच्या बियांचा मगज आणि गावजबान, म्हणजे ते खरखरीत पान, गाईच्या जिभेसारखं, घाबऱ्या छातीला देतात ते. सगळं थंड. आणि थंड औषध म्हाताऱ्या माणसाला देताना सोबत काहीतरी ऊब देणारं घालतात, बडीशेप म्हणा, चिमूटभर दालचिनी म्हणा, म्हणजे पोट गारठत नाही. आमच्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. भाऊ तर कधी विसरत नाही. या वेळी सोबतीला काहीच नव्हतं.

"बडीशेप?" मी विचारलं.

"नको. गरमी फार आहे."

"अरे, तिचे पाय हातात घेऊन बघ. बर्फ आहेत. ऐन उन्हाळ्यात मोजे घालून बसते ती."

"वरून थंड, आतून गरम. असं असतं, ताई. आणि तो दालचिनीचा चहा आजपासून बंद."

मी पुडी बांधायला नकार देऊ शकले असते. आमच्या धंद्यात औषध देणाऱ्याला तो हक्क आहे, बाबांच्या वेळी मी दोनदा वापरलाही होता आणि बाबांनी चिठ्ठी बदलली होती. पण खरं सांगते, मला त्याचं बोलणं गोड लागलं. काका म्हणाले होते, काही करता येणार नाही. हा म्हणत होता, गरमी आहे, उतरेल. कुणाला काय ऐकायला आवडेल? मी कासनी पाखडली, खडे वेचले, गावजबान निवडताना त्याची बारीक कुसळं बोटांत गेली तरी हूं की चूं केलं नाही. पुडी बांधली, वर नेली, काढा उकळला.

आईने एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की काही विचारू नका. "कासनी!" म्हणाली. "कुणाला आग लागलीय?"

"तुला," भाऊ म्हणाला. "पी."

ती प्यायली. मुलगा समोर उभा राहून भांड्याचा तळ दिसेपर्यंत हलत नव्हता, पिणार नाही तर काय करेल?

असं सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. भाऊ दिवसातून कितीदा तरी जिना चढायचा, तिच्या मनगटावर चार बोटं ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून पळतेय." मग कासनी वाढायची. आई मात्र गारठत चालली. शालीवर शाल, त्यावर रजई. घास गिळेना. सकाळी माझ्याकडे बघून हळूच विचारायची, "चहा?" आणि मी मान खाली घालून काढा पुढे करायची.

आणि भाऊ? त्याचा अवतार बघवत नव्हता. डोळे लालबुंद, ओठ फुटलेले, तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा तरी घसा कोरडा. एका पेशंटवर चक्क खेकसला. काकडी खेकसली! पेशंट माझ्याकडे येऊन म्हणाला, "आज ताई शांत आणि हकीमसाहेब गरम, उलटं कसं?" भावजय भांडी विसळता विसळता म्हणाली, "झोपतच नाहीत हो. पांघरूण लाथाडतात, अंग भाजतंय म्हणतात. मधेच उठून आईंचा श्वास बघून येतात." मी ऐकलं आणि सोडून दिलं. सगळी लक्षणं समोर मांडलेली होती, पण आम्हा सगळ्यांचं लक्ष एकाच खाटेकडे.

शेवटी माझा बांध फुटला तो एका सकाळी. आईला कापरं भरलं होतं, दात वाजत होते, आणि हा काढ्याचं भांडं घेऊन आला.

"बास!" मी त्याच्यापुढे आडवी उभी राहिले. "एक थेंब देणार नाहीस. मारतोयस तू तिला!"

"मी मारतोय? मी?" त्याचा आवाज चिरकला. "मी एकटा तिला वाचवायला बघतोय! तुम्ही सगळ्यांनी तर सोडूनच दिलंय तिला!"

"कोण सोडतंय रे? जीभ सांभाळ!"

"तुला नाडीतलं काय कळतं? पाला निवड तू!"

लागलं. जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं. मी तोंड उघडणार एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"काकडोबा, बस इथे. आणि मिरे, तू पलीकडून ये."

आईचा असा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. आम्ही दोघंही शाळेतल्या पोरांसारखे मुकाट दोन बाजूंना बसलो. तिने रजईतून दोन्ही हात बाहेर काढले. उजवा त्याच्याकडे, डावा माझ्याकडे.

"धरा."

"आई, मी नाही बघत नाडी," मी म्हणाले.

"बाबांनी शिकवलंय तुला. विसरली असशील तर आठव."

मी धरलं. हाडावरची कातडी गार, सैल. आधी काहीच लागेना. मग लागलं. सावकाश, बारीक, एक ठोका, मग इतका वेळ काही नाही की माझाच श्वास अडकावा, मग पुन्हा एक. नळ बंद केल्यावर थेंब पडत राहतात, तसं.

"आता तू सांग, मोठ्याने," आई भावाला म्हणाली.

त्याने डोळे मिटले. "भरलेली आहे," तो म्हणाला. "पळतेय. उड्या मारतेय. गरम."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. एकच बाई, दोन हात. याच्या बोटांखाली घोडा पळतोय आणि माझ्या बोटांखाली थेंब पडतोय?

"मिरे," आई म्हणाली, "माझा हात सोड आणि याचं मनगट धर."

मी हात लांबवून भावाचं मनगट धरलं. भरलेली. पळणारी. उड्या मारणारी. कातडी तव्यासारखी तापलेली. त्याने सांगितलं होतं ते शब्दन् शब्द खरं होतं. फक्त मनगट चुकलं होतं. घाबऱ्या माणसाने बोटं घट्ट दाबली की त्याच्या बोटांच्या टोकांतून त्याचंच रक्त धडधडतं, आणि तो ते समोरच्याचं समजतो. इतके दिवस हा आईच्या मनगटावर हात ठेवून स्वतःची नाडी वाचत होता.

त्याने माझा चेहरा पाहिला, मग माझी बोटं पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तुझ्या बाबांचंही असंच झालं होतं," आई म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती, पण ती थांबेना. "मिरी तान्ही होती, ताप आला होता. त्यांनी तिची नाडी पाहिली आणि मोठ्या माणसाला पुरेल एवढी कासनी लिहिली. मी भांडं हिसकावून घेतलं. तेव्हापासून तो नियम."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" भाऊ म्हणाला.

"तुला काहीतरी करायचं होतं रे. मला वाटलं, करू दे चार दिवस. पण आता फार थंडी वाजते." तिने हनुवटीने भांड्याकडे खूण केली. "औषध चांगलं लिहिलंयस. ज्याच्यासाठी लिहिलंयस त्याला दे. पी."

"आई..."

"पी म्हटलं ना!"

हकीमसाहेबांनी भांडं तोंडाला लावलं. पहिल्याच घोटाला तोंड वेडंवाकडं. "कडू आहे," म्हणाला.

"मग? मला काय सरबत लागत होतं?" आई म्हणाली.

मला हसू आलं. त्यालाही आलं, आणि हसता हसताच तो रडायला लागला. मोठ्याने, पोटातून. लहानपणी ज्याला रडायचा आळस होता, त्याने ती सगळी बाकी तिथे भरून काढली. मीही रडले, त्यात काय लपवायचं? आई आपली दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

रडणं ओसरल्यावर त्याने विचारलं, "मग तुला काय देऊ मी? काहीतरी सांग. मला दुसरं काही येत नाही गं."

"चहा दे. दालचिनी घालून. आणि मिरे, तू ते खण वर आण. किती दिवस वास नाही आला."

मी खण ओढून काढले आणि एकेक करून वर नेले, भाऊही जिन्यावर माझ्या हातातून घेत होता. पहिल्यांदाच मी त्याला माझ्या खणांना हात लावू दिला. आम्ही ते तिच्या रजईवर ठेवत गेलो. सुकलेल्या गुलाबपाकळ्यांत तिने मनगटापर्यंत हात खुपसला. बनफ्शाची इवली फुलं, जांभळेपण उडून तपकिरी झालेली, नाकाशी धरून म्हणाली, "हा माल जुना झालाय, मिरे. कुणी दिला?" ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरून ठेवली. कासनीचा खण मात्र तिने लांबूनच परत पाठवला.

मग ती दमली. भावाने तिचा हात हातात घेतला आणि त्याची बोटं सवयीने सरकत सरकत मनगटाकडे निघाली. आईने दुसऱ्या हाताने त्यांच्यावर चापट मारली.

"नाडी नको बघू. नुसता हात धर."

त्याला ते जमेना. खरंच जमेना! इतकी वर्षं माणसाचा हात म्हणजे त्याला मनगटच. बोटं कुठे ठेवायची ते कळेना त्याला. शेवटी तिनेच त्याचा तळवा उघडला आणि आपला हात आत ठेवला, आणि त्याची बोटं वरून मिटवली.

त्या दिवसापासून आईला काढा दिला नाही. सकाळी चहा, दुपारी वाटीभर सूप, वाटलं तर. काकांना भावाने स्वतः जाऊन आणलं, वाटेत काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक, पण वर आल्यावर काकांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "उतरली बरं का!" आईची थंडी कमी झाली. ती उठून बसली वगैरे काही नाही. पण मी खाली कुटायला लागले की वरून एखाद्या वेळी हाक यायची, अगदी बारीक, "सुंठ ना?" आणि मी मुद्दाम वर जाऊन सांगायची, हो, सुंठ. बरोबर ओळखलंस.

भाऊ दुपारी दवाखाना बंद करून तिच्याजवळ बसायचा. काही करायचा नाही. हात धरून बसायचा, कधी पेशंटच्या गमती सांगायचा. मी दारातून डोकावले की त्याच्या बोटांकडेच बघायची. एकदाही ती मनगटाकडे गेलेली दिसली नाहीत.

अशाच एका दुपारी मी चहा घेऊन वर गेले. खिडकीतून ऊन रजईवर आलं होतं. भाऊ तिच्या उशाशी बसला होता, तिचा हात त्याच्या तळव्यात, वरून बोटं मिटलेली. ती झोपल्यासारखी दिसत होती. मी कप खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं, आणि मला कळलं. मग मी त्याच्याकडे बघितलं. त्यालाही कळलेलं होतं.

"कधी?" मी विचारलं.

ज्याच्या बोटांना अर्ध्या ठोक्याचा फरक कळतो, तो माझा भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "माहीत नाही गं, ताई. मी हात धरला होता."